घरचं गुलाबपाणी: आधी वापर ठरवा, मग बाटली भरा

प्रश्न जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा आहे, थोडक्यात असा. घरच्या कुंड्यांतल्या आणि ओळखीच्या शेतातून आणलेल्या गावठी गुलाबाचं पाणी त्यांनी पातेल्यावर झाकण उलटं ठेवून, वर बर्फ घालून काढलं. तसंच तुळशीचंही काढलं. थोडं स्प्रेच्या बाटलीत भरलं, थोड्यात ताज्या कोरफडीचा गर आणि ग्लिसरीन घालून जेल केलं. दोन-तीन आठवड्यांत जेलला आंबूस वास आला आणि स्प्रेच्या तळाशी पांढरे धागे तरंगायला लागले. त्या विचारतात: टिकण्यासाठी टी ट्री तेलाचे किती थेंब घालू, की व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल पुरेल? दुकानातलं गुलाबजल वर्षभर कसं राहतं? मुलीच्या मुरमांवर आणि डासांवर याचा उपयोग होईल का? आणि बचत गटाच्या स्टॉलवर ते ठेवता येईल का?

ताई, आधी हातातलं काम. त्या दोन्ही बाटल्या ओतून द्या. धागे गाळून किंवा पाणी पुन्हा उकळून वापरू नका. ते धागे बुरशीचे किंवा जंतूंच्या थराचे असतात, आणि गाळण्याने डोळ्यांना दिसतं तेवढंच जातं. स्प्रेचा पंपही टाकून द्या. त्याच्या आतल्या नळीत आणि स्प्रिंगजवळ जो ओलावा राहतो तो घासून निघत नाही, आणि पुढची ताजी बाटली पहिल्याच दिवशी तिथूनच नासते.

तुम्ही विचारलंय की काय घातलं म्हणजे टिकेल. मी बरीच वर्षं गुलाब, वाळा आणि तुळस यांचा अर्क काढते, आणि माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न घेऊन येतो. मला मात्र त्याच्या आधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: हे पाणी कशासाठी हवंय आणि किती दिवस पुरवायचंय? घरातल्या निम्म्याहून अधिक वापरांना ते टिकवायची गरजच नसते. जिथे असते, तिथे तुम्ही लिहिलेल्या दोन्ही गोष्टी कामाच्या नाहीत. हायड्रोसोल, म्हणजे वाफेतून काढलेलं हे सुगंधी पाणी, दुधासारखं समजा. ते नासतंच, म्हणून कधी ताजं वापरायचं, कधी गार ठेवायचं आणि कधी नीट प्रक्रिया करायची, हे आधी ठरवायचं.

आता हे पाणी आहे तरी काय, ते बघू. पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात. फुलं किंवा पानं पाण्यात तापवली की वाफेबरोबर वनस्पतीतले उडून जाणारे सुगंधी पदार्थ वर येतात. वाफ गार झाली की पाणी खाली पडतं. त्यात विरघळलेले सुगंधी पदार्थ साधारण एका टक्क्याच्या दहाव्या हिश्शाइतके किंवा त्याहून कमी असतात, बाकी सगळं पाणी. गुलाबात फिनाइलइथाइल अल्कोहोल नावाचा घटक पाण्यात चांगला विरघळतो, म्हणून गुलाबाचा बराचसा ओळखीचा वास तेलाऐवजी पाण्यात उतरतो. गुलाबपाणी घरी काढणं परवडतं ते यामुळेच. गुलाबाचं १ किलो तेल मिळायला साधारण ३ ते ४ टन फुलं लागतात, तेव्हा तुमच्या पातेल्यात तेलाचा तवंग दिसला नाही तर काही चुकलं असं समजू नका.

वाफेबरोबर उडतं तेवढंच बाटलीत येतं. गुलाबाचा रंग, तुरटपणा, त्यातलं क जीवनसत्त्व वर येत नाही. म्हणून खरं गुलाबपाणी रंगहीन असतं, आणि गुलाबी दिसणाऱ्या बाटलीत रंग घातलेला असतो. कडुनिंबाचं कडूपण वर येत नाही, हळदीतलं पिवळं कर्क्युमिन येत नाही, कोरफडीचा गर तर नाहीच नाही. मला अधूनमधून कडुनिंबाचा किंवा कोरफडीचा अर्क काढून मागतात, मी नम्रपणे नाही म्हणते. कडुनिंबाचा जो गुण हवा असतो तो डेगेतच, म्हणजे अर्क काढायच्या भांड्यातच राहतो आणि गिऱ्हाइकाच्या हाती नुसतं वासाचं पाणी पडतं. कडुनिंब हवा असेल तर पाला उकळून आंघोळीच्या पाण्यात घालणं हेच सरळ. पण तो काढा झाला, हायड्रोसोल नव्हे. काढ्यात साखर, रंग, पानांचा गाळ असं जंतूंचं भरपूर खाणं असतं, त्यामुळे तो त्याच दिवशी संपवायचा.

मग इतकं स्वच्छ, वाफेतून आलेलं पाणी नासतं कसं? थेंब पडतो तेव्हा ते जवळजवळ निर्जंतुक असतं. त्यानंतर आपण ते ज्या वाटीत झेलतो, ज्या गाळणीतून घालतो, ज्या बाटलीत भरतो, तिथून जंतू शिरतात. काही जंतूंना फार थोडं खाणं पुरतं, आणि हायड्रोसोलमध्ये तेवढं असतंच. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की एका मिलिलिटरमध्ये लाखभर जंतू असले तरी पाणी काचेसारखं नितळ दिसू शकतं. धागे दिसतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्यामुळे वास चांगला आहे, दिसायला स्वच्छ आहे, एवढ्यावर जुनं पाणी चेहऱ्यावर मारू नका. डोळ्यांत तर घरचं गुलाबपाणी अजिबात घालू नका, ताजं असलं तरी. आपल्याकडे आजी-आजोबांपासून डोळ्यांत गुलाबजल घालायची सवय आहे, हे मला माहीत आहे. पण अशा पाण्यात वाढणाऱ्या स्यूडोमोनाससारख्या जंतूंनी बुबुळाला झालेला संसर्ग दृष्टी घालवू शकतो. डोळ्यांसाठी औषधाच्या दुकानातले निर्जंतुक थेंब आणि डॉक्टर, एवढंच.

तुमचं जेल आधी का गेलं, तेही यात आलं. कोरफडीच्या ताज्या गरात साखरेच्या जातीचे पदार्थ भरपूर असतात. पाणी, खाणं आणि सोलापूरची उष्णता एकत्र आली की आंबायला वेळ लागत नाही. ताजा गर वापरायचा तर त्या वेळेपुरता काढा, हायड्रोसोल मिसळा, लावा आणि उरलेलं फेकून द्या. फ्रिजमध्ये ठेवलं तरी दोन दिवसांच्या वर नको.

आता टी ट्री आणि व्हिटॅमिन ई. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होऊ देत नाही, जंतूंना ते अडवत नाही. शिवाय ते पाण्यात विरघळतच नाही. टी ट्री किंवा कोणतंही सुगंधी तेलही पाण्यावर तरंगतं. बाटली कितीही हलवली तरी मिनिटभरात ते वर येतं, आणि मग एखाद्या फवाऱ्यात निव्वळ तेल चेहऱ्यावर येतं. तिथली त्वचा लाल होते, चुरचुरते. खाली उरलेल्या पाण्याला त्या तेलाचा उपयोग जवळपास शून्य. तुरटीबद्दलही लोक विचारतात. तुरटी पाण्यातला गाळ खाली बसवते, पण पाणी टिकवत नाही. कापूर, मध, लवंग टाकून ठेवणं यांचंही तेच.

वापराचं बोलू. माझ्या मते घरच्या गुलाबपाण्याचा सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे जे लगेच वापरून संपतं त्यात. मुलतानी माती, चंदन उगाळणं, बेसन-हळदीचा लेप, आणि दिवाळीत अभ्यंगस्नानाचं उटणं. उटणं साध्या पाण्यात कालवण्याऐवजी वाळ्याच्या किंवा गुलाबाच्या पाण्यात कालवलं की घरभर वास दरवळतो, आणि टिकवण्याचा प्रश्नच येत नाही. आमच्या घरी नरकचतुर्दशीला वाळ्याचंच पाणी असतं. यात एक चमचा पाणी लागतं, अर्धा लिटर नाही.

म्हणून माझी पहिली सूचना बर्फाच्या ट्रेची. अर्क काढल्यावर स्वच्छ ट्रेमध्ये त्याचे खडे करा, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत भरा, तारीख घाला आणि फ्रीजरमध्ये ठेवा. काही महिने चांगले राहतात. लागेल तसा एखादा खडा वाटीत वितळवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. यात काहीच मिसळावं लागत नाही. फक्त बर्फ थेट चेहऱ्यावर घासू नका, पातळ कापडात गुंडाळून फिरवा किंवा वितळू द्या.

चेहऱ्यावर फवारा मारायचा असेल तर सोलापूरची हवा लक्षात घ्या. एप्रिल-मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठक्क असते. अशा हवेत नुसतं पाणी फवारलं की दोन मिनिटं गार वाटतं, मग ते उडून जातं आणि कातडी आधीपेक्षा जास्त ताणली जाते. माझ्याकडच्या बायकांची ही नेहमीची तक्रार: गुलाबपाण्याने चेहरा कोरडा पडला. दोष पाण्याचा नसतो. फवारा मारा, आणि चेहरा ओलसर असतानाच वरून साधं क्रीम किंवा दोन थेंब तीळ वा बदामाचं तेल तळहातावर चोळून दाबून लावा. ओल आत राहते. १०० मिली हायड्रोसोलला साधारण ३ ग्रॅम ग्लिसरीन पुरतं. जास्त घातलं की चिकट होतं आणि धूळ बसते, आणि इथल्या रस्त्यांची धूळ तुम्हाला वेगळी सांगायला नको.

असा फवारा फ्रिजमध्ये ठेवून, टिकवणारं काही न मिसळता, आठवडाभर वापरा. मी घरच्यांना दहा दिवसांपेक्षा जास्त वापरू देत नाही. कुणी म्हणेल की आमचं महिनाभर चांगलं राहतं. राहतही असेल. बाटली किती स्वच्छ, फ्रिज किती थंड, पाणी कुठल्या वनस्पतीचं, यावर फरक पडतो. पण बाहेरून बघून ते कळत नाही, म्हणून मी धोक्याच्या अलीकडे थांबते.

महिना-दोन महिने पुरवायचंच असेल तर मग परिरक्षक, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह हवं, आणि ते मोजून हवं. घरगुती सरबतं, सॉस करणाऱ्यांना सोडियम बेंझोएट माहीत असतं, किराणा किंवा केकच्या सामानाच्या दुकानात खाण्याच्या दर्जाचं मिळतं. पोटॅशियम सॉर्बेट थोडं शोधावं लागतं. माझं प्रमाण १०० मिली पाण्याला ०.३ ग्रॅम बेंझोएट आणि ०.२ ग्रॅम सॉर्बेट. चिमटीने घ्यायचं हे काम नाही. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा हवा, आणि एका वेळी अर्धा किंवा एक लिटर करत असाल तर वजन जास्त अचूक येतं.

यातला महत्त्वाचा भाग लोक गाळतात. ही दोन्ही परिरक्षकं आम्लधर्मी पाण्यातच काम करतात. पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, ५ च्या खाली हवा, ४.५ असला तर उत्तम. गुलाबपाणी मुळात साधारण ४ ते ५.५ च्या दरम्यान असतं, पण या दोन्ही पावडरी घातल्या की पीएच वर चढतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी दोन्ही पावडरी पूर्ण विरघळू द्या, मग लिंबूसत्व थोड्या पाण्यात विरघळवून थेंब थेंब घाला आणि पीएचच्या पट्टीने बघत जा. उलटं केलं, म्हणजे आधी लिंबूसत्व ओतून मग बेंझोएट टाकलं, तर पांढरा साका बसू शकतो आणि तेवढं परिरक्षक वाया जातं. लिंबाचा रस मात्र वापरू नका, त्यात साखर आणि गर असतो. आणि बेंझोएट असलेल्या बाटलीत क जीवनसत्त्वाची पावडर घालू नका. दोन्ही एकत्र आली की अगदी अल्प प्रमाणात बेंझिन तयार होऊ शकतं, आणि ते कर्करोगकारक आहे.

एवढं सगळं करून बाटली फ्रिजमध्येच ठेवा. परिरक्षकाने अस्वच्छ पाणी स्वच्छ होत नाही, स्वच्छ पाणी थोडं जास्त दिवस राहतं. दुकानातलं गुलाबजल वर्षभर टिकतं ते यामुळेच: बंद यंत्रणेत भरणं, निर्जंतुक बाटली आणि मोजून घातलेलं परिरक्षक. काही बाटल्यांत गुलाब नसतोच, पाणी आणि सुगंध असतो. मागचं घटकांचं लेबल वाचलं की कळतं.

मद्यार्क घालून टिकवायचा विचार काही जण करतात. पाणी राखायला तो एकूण पाण्याच्या निदान १५ ते २० टक्के घालावा लागतो. शुद्ध मद्यार्क आपल्याकडे उत्पादन शुल्काच्या नियमांत येतो, सहज मिळत नाही, आणि इतका घातला की कोरड्या चेहऱ्याला तो सोसत नाही. चेहऱ्यासाठी तो मार्ग मी घेत नाही. औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल मी वापरते ते फक्त बाटल्या आणि पंप धुवायला.

मुळात पाणी चांगलं निघालं तरच पुढची मेहनत कारणी लागते, म्हणून काढण्याबद्दल थोडं सविस्तर. उलट्या झाकणाची तुमची पद्धत घरापुरती छान आहे. फुलं पहाटे, ऊन चढायच्या आत तोडा. गावठी, वासाचा गुलाब घ्या. हारवाल्यांकडचा लांब दांड्याचा गुलाब दिसायला देखणा असतो, वास नसतो, आणि त्यावर औषध फवारलेलं असतं. धुतल्याने वरची धूळ जाते, पाकळीत शिरलेलं औषध जात नाही, आणि काही औषधं वाफेबरोबर वरही येतात. मंदिरातलं निर्माल्य वापरायची कल्पना चांगल्या भावनेतून येते, पण त्यात कुंकू, बुक्का, दोरा, हाताळणी सगळं असतं. त्याचं खत करा किंवा धूप करा, त्वचेला लावायचं पाणी नको. तुळशीचं सोपं आहे. पंढरपूर भागात विठोबाच्या हारांसाठी तुळस लावतात, ओळख काढून फवारणी न केलेली मिळवता येते.

अर्धा किलो पाकळ्यांना साधारण दीड लिटर पाणी, पाकळ्या बुडतील इतकं. आच मंद. पहिलं अर्धा लिटर पाणी उतरलं की थांबा. म्हणजे जेवढ्या ग्रॅम पाकळ्या तेवढे मिलिलिटर पाणी. बहुतेक जण पातेलं आटेपर्यंत काढत राहतात. शेवटी येतं ते फिकं, शिजलेल्या पाल्याच्या वासाचं असतं आणि आधीचं चांगलं पाणीही बिघडवतं. ताज्या अर्काला पहिले काही दिवस किंचित भाजका वास येतो, तो थंडीत बंद ठेवल्यावर हळूहळू निवतो. वाळ्याची मुळं मात्र कापून रात्रभर भिजवावी लागतात आणि त्यांना बराच जास्त वेळ लागतो, पातेल्यावर ते नीट जमत नाही.

कुकरच्या शिट्टीला नळी जोडून अर्क काढण्याचे व्हिडिओ फिरतात. मी ते करू नका असं सांगेन. एखादी पाकळी वाफेच्या तोंडात अडकली तर कुकरमध्ये दाब वाढतो, आणि तो धोका स्वयंपाकघरात घ्यायचं कारण नाही. रबरी नळीचा वासही पाण्यात कायमचा उतरतो.

पाण्याबद्दल विचारणारे सोलापुरात नेहमी भेटतात. बोअरचं जड पाणी चालेल का? क्षार वाफेबरोबर येत नाहीत, भांड्यात राहतात, त्यामुळे अर्क बिघडत नाही, भांड्याला खरपा चढतो. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर ते रात्रभर उघडं ठेवा किंवा आधी पाच-दहा मिनिटं उकळा. क्लोरीन वाफेबरोबर येतं आणि गुलाबाचा वास मारतं. बाटली विसळायला किंवा अर्क पातळ करायला मात्र नळाचं पाणी नको, त्यासाठी डिस्टिल्ड पाणी घ्या.

खरी अडचण गार करायच्या पाण्याची. उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा नळ सोडून वाफ गार करणं मनाला पटत नाही. मी एका पिंपात पाणी भरून कूलरच्या पंपाने तेच फिरवते आणि त्यात बर्फाच्या बाटल्या टाकते. उन्हाळ्यात टाकीतलं पाणीच इतकं कोमट असतं की वाफ पुरती थंड होत नाही, अर्क गरम पडतो आणि वास खोलीत उडून जातो. म्हणून मार्चनंतर माझी भट्टी उजाडायच्या आधी पेटते. घरी करताना झाकणावरचा बर्फ वितळला की लगेच पाणी काढून नवा घाला, एवढं पाळलं तरी फरक कळेल.

बाटली काचेची, गडद रंगाची, दहा मिनिटं उकळलेली आणि पालथी घालून पूर्ण कोरडी केलेली. उलट्या झाकणाच्या पद्धतीत पाणी पातेल्यात ठेवलेल्या वाटीत पडतं, तर वाटीही उकळलेली हवी. फडक्याने गाळू नका. आणि जुन्या बाटलीत उरलेल्या पाण्यावर नवं ओतू नका, ही सवय सगळ्यांत जास्त बाटल्या नासवते.

मुलीच्या मुरमांबद्दल. गुलाबपाण्याने मुरमं जातात असं मी कुणाला सांगत नाही. चेहऱ्याला गार वाटतं, घाम पुसला जातो, सुवास येतो, हा उपयोग खरा आहे आणि मला तो पुरेसा वाटतो. फुटलेल्या, पू झालेल्या मुरमांवर घरचं पाणी लावणं टाळा आणि ती वाढत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तुळशीचं पाणी चेहऱ्याला थोडं तिखट पडतं, त्यातल्या युजेनॉलमुळे. तेच युजेनॉल लवंगेत असतं. वापरायचंच तर निम्मं डिस्टिल्ड पाणी घालून. गवती चहा, दालचिनी, लवंग यांचे अर्क मी चेहऱ्यासाठी देतच नाही. कोणतंही नवं पाणी आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. लहान बाळाला, इसब असलेल्या त्वचेला आणि दम्याच्या माणसाजवळ फवारा नको. वाफ घ्यायच्या यंत्रात किंवा नेब्युलायझरमध्ये तर कधीच नको.

डासांचा स्प्रे म्हणून तुळशीपाणी चालत नाही. दोन-पाच मिनिटं वास राहतो आणि संपतो. आपल्याकडे पाणी साठवावंच लागतं, पिंपं भरलेली असतात, आणि डेंग्यूचा डास त्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. तिथे आठवड्याला एक कोरडा दिवस पाळणं, पिंपांवर घट्ट झाकण आणि दुकानातलं डीट किंवा पिकारिडिन असलेलं मलम, याला पर्याय नाही. हात निर्जंतुक करायलाही हायड्रोसोल उपयोगी नाही, त्यासाठी निदान ६० टक्के अल्कोहोल लागतं.

खोलीत, पडद्यांवर, उशीवर फवारायला मात्र हे पाणी फार सुरेख. वाळा आणि गुलाब अर्धा-अर्धा मिसळून बघा. सोलापुरी चादरीवर मारायचं असेल तर आधी कोपऱ्यावर रंग उतरतो का ते पाहा, आणि ओली असताना घडी घालू नका, कुबट वास धरतो. कूलरच्या टाकीत हायड्रोसोल ओतू नका. वास चार-सहा तासांत जातो आणि टाकीत बुळबुळीत थर वाढतो. कूलरला वास हवा तर वाळ्याच्या मुळांची जुडी जाळीला बांधा आणि ती काही दिवसांनी वाळवून बदला.

राहिला स्टॉलचा प्रश्न. सौंदर्यप्रसाधन विक्रीसाठी बनवायचं तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० खाली उत्पादनाचा परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देतं. घरगुती आहे, नैसर्गिक आहे, बचत गटाचं आहे, म्हणून सूट नाही. लेबलवर घटक, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि वापराची मुदत, बनवणाऱ्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक हे सगळं लागतं. मुरमं बरी होतात असं लिहिलं तर तो औषधाचा दावा ठरतो आणि नियम आणखी कडक होतात. परवाना असलेल्या कारखान्यात आपला माल बनवून घ्यायची सोय नियमांत आहे, गटातल्या बायका मिळून तो मार्ग तपासू शकता. पण आज घरच्या पातेल्यात काढलेली बाटली अनोळखी माणसाच्या चेहऱ्यासाठी पैसे घेऊन देऊ नका. जंतूंची तपासणी प्रयोगशाळेतून करून घेतल्याशिवाय तिच्यात काय आहे हे तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही नाही.

तुमच्या जागी मी असते तर या आठवड्यात एवढंच केलं असतं: अर्धा किलो गुलाब पहाटे तोडून त्याचं अर्धा लिटर पाणी काढायचं. त्यातलं १०० मिली उकळलेल्या बाटलीत, ३ ग्रॅम ग्लिसरीन घालून, फ्रिजमध्ये, आठवड्याच्या फवाऱ्यासाठी. बाकी सगळं ट्रेमध्ये. बेंझोएट-सॉर्बेटच्या नादी काटा आणि पीएचच्या पट्ट्या हातात आल्यावर लागा, आणि पहिल्यांदा कराल तेव्हा पावडरी घालण्याआधी आणि नंतर पीएच किती आला ते लिहून ठेवा. पुढे अडलं तर तो आकडा सांगा, तो पाहिल्याशिवाय मला लिंबूसत्वाचं नेमकं माप देता येणार नाही.